परक्या तोंडचा पाइप

पार्सल उघडलं तेव्हा पाइपच्या वाटीत अर्धी जळलेली तंबाखू तशीच होती.

लिलावाच्या साइटवरच्या फोटोंत ती दिसली नव्हती. विकणाऱ्यानं ‘घरातली जुनी वस्तू, आहे त्या स्थितीत’ एवढंच लिहिलं होतं, आणि फोटो असे काढले होते की पाइपपेक्षा त्याखालची चादरच जास्त दिसावी. तीन दिवस मी फोन हातात धरून बसले होते. कुणीतरी माझ्यावर चढी बोली लावत होतं, मी परत त्याच्यावर, आणि शेवटच्या मिनिटाला त्यानं सोडून दिलं. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, गारखेड्यात म्हाताऱ्या आईबरोबर राहणाऱ्या सत्तावन्न वर्षांच्या बाईनं तंबाखूच्या पाइपसाठी असं इरेला पेटावं, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. आईला तर नाहीच नाही.

पाइप गुंडाळला होता तो वर्तमानपत्राचा कागद मला न वाचता येणाऱ्या लिपीतला होता. पाइपची अवस्था वाईट होती. वाटीच्या कडा जळून काळ्या पडल्या होत्या, आत काजळीचा जाड थर, लाकडावर चिकट मळ. तोंडात धरायची कडक रबराची नळी हिरवट पिवळी झालेली आणि तिच्या टोकाला, वरून आणि खालून, दातांचे खोल वण. ते सगळं मी धरून चालले होते. अर्धी जळलेली तंबाखू मात्र धरली नव्हती. पाइप ओढणारा माणूस असा मध्येच उठून जात नाही. ओढून झालं की तो वाटी उलटी करून ठोकतो, हे मी लहानपणापासून बघत आले होते. म्हणजे कुणीतरी घटकाभरासाठी हा पाइप खाली ठेवला आणि परत उचलला नाही. त्यानंतर इतक्या वर्षांत घरातल्या एकालाही तो रिकामा करावासा वाटला नाही. मला भीतीच वाटली. ती तंबाखू मी कागदावर काढली, पण केरात टाकवेना. शेवटी गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरून टाकली.

आता हा उद्योग कशासाठी, ते सांगते.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले. थोडंफार शिकले आणि जायकवाडीचं काम चालू होतं तेव्हा सर्व्हेच्या तुकडीत लागले. मोजणीची साखळी ओढायची आणि पट्टी धरून उन्हात उभं राहायचं, हे काम. पुढं कचेरीत कारकून झाले. धरणावरच्या एका साहेबानं बदली होऊन जाताना आपला जुना पाइप दादांना दिला. का दिला ते दादांनाही कधी कळलं नाही. त्यात भरायची साहेबी तंबाखू पैठणला कुठून मिळणार? दादा विड्या सोडायचे, त्यातली तंबाखू तळहातावर चोळून वाटीत भरायचे आणि वरून एक लवंग ठेवायचे. नळीचा सांधा ढिला झाला तेव्हा त्यांनी साइटवरची तांब्याची तार त्याला गुंडाळली, सात वेढे. आमच्या नात्यात त्याला साहेबी चिलीम म्हणायचे आणि दादांची टिंगल करायचे.

वडीलधाऱ्यांसमोर ओढायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज. आजोबा गेल्यावरही दादांनी तो पाळला. आजोबांचा फोटो बैठकीत होता, म्हणून दादा बैठकीत पाइप पेटवत नसत. जिना चढून गच्चीवर जायचे. छातीत घरघर सुरू झाली आणि दम लागू लागला तरी जिना चढायचे. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो दाखवून बजावलं होतं. दादा मान डोलावून आले आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवरून लवंगेचा वास आला.

दादा गेले त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी घर आवरायला काढलं. आवराआवर करताना मला संताप चढतो, हा माझा स्वभाव आहे. घरातली माणसं तेव्हा आपापल्या वस्तू घेऊन लांब बसतात. दादा झोपले होते. पाइप स्वयंपाकघराच्या फळीवर, डब्यांच्या मागं लपवलेला सापडला. मी तो गंजलेल्या डब्यांबरोबर भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला. पोतं हातगाडीवर चढलं आणि हातगाडी गल्लीच्या टोकाला वळली, तोवर मी दारात उभी होते. हाक मारता आली असती.

संध्याकाळी दादांनी विचारलं, “माझा पाइप बघितला का गं, बाई?”

मी म्हणाले, “नाही.”

चार दिवस ते शोधत होते. फळीवर, गादीखाली, तांदळाच्या डब्यात हात घालून. पाचव्या दिवशी त्यांनी शोधणं बंद केलं. त्यांनी ओळखलं होतं का, हे मला आजतागायत माहीत नाही. आठवड्याभरात त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. शेवटच्या दिवशी तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांनी दोन बोटं ओठांकडं नेली. आईला वाटलं, तहान लागली. तिनं मास्क सरकवून चमच्यानं पाणी पाजलं. दादांनी ते गिळलं आणि परत दोन बोटं ओठांकडं नेली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मला कळलं होतं.

दहाव्याला आम्ही पैठणला घाटावर गेलो. पिंड मांडले. कावळे भरपूर होते, झाडावर, तारेवर, पलीकडच्या भिंतीवर. शेजारी दुसऱ्या कुणाचे पिंड मांडले होते, ते क्षणात उचलले गेले. आमच्याकडं एकही येईना. तास गेला. कुणी चहाचा कप आणून ठेवला, कुणी विड्यांचं बंडल. दादांचे धाकटे भाऊ, माझे चुलते, हात जोडून मोठ्यानं एकेक वचन देत होते. शेताचं बघतो, वहिनीला अंतर देत नाही. कावळा हलेना. मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

“दादा, पोरीच्या लग्नाचं आम्ही बघतो,” ते म्हणाले. “तुम्ही घोर करू नका.”

मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. घाटावरचे सगळे माझ्याकडं बघू लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. अगदी तोंडाशी आलं होतं, की अहो, लग्न नाही, पाइप. पण मग पाइप कुठाय, हा पुढचा प्रश्न आला असता. कावळा त्या वचनालाही आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववून विधी उरकला.

परतीच्या जीपमध्ये आई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “मी त्या पावण्याला दारातनं माघारी लावलं, त्याचंच हाय हे.”

पाहुणा म्हणजे आमच्या कॉलेजातलेच एक गृहस्थ. मी सत्तावीस वर्षांची असताना ते मला मागणी घालायला घरी आले होते. दादा तेव्हा कामावर बाहेरगावी होते. आपल्यातले नाहीत, एवढ्यावर आईनं त्यांना पाणीसुद्धा न देता परत पाठवलं. दादा आल्यावर त्यांनी पंधरा दिवस आईशी बोलणं टाकलं होतं. पुन्हा माझ्या लग्नाचा विषय निघाला, मी तो पुढं जाऊ दिला नाही, आणि दिवस गेले.

जीपमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिले. आईला खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं. ते मी केलं नाही. भीती होती, लाज होती. पण खरं कारण वेगळं होतं, ते आज लिहून टाकते. मला बरं वाटलं होतं. वीस वर्षं जे मला तिला म्हणता आलं नव्हतं, ते एका न आलेल्या कावळ्यानं म्हटलं होतं.

नऊ वर्षं ते तसंच राहिलं. आई दर पितृपक्षात मागच्या अंगणाच्या भिंतीवर पान ठेवायची आणि तिथंच पायरीवर बसायची. गारखेड्यात आता कावळे कमी, पारवेच फार. कधी यायचा, कधी नाही. आला तरी आईला तो दुसऱ्याच कुणाचा वाटायचा.

आणि दोनेक वर्षांपासून दादा येऊ लागले.

हे आई सांगते तसं सांगते आहे. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलंय, कान शाबूत आहेत, हिशोबी बोलते, कुणाला कधी काय दिलं ते विसरत नाही. तिला भ्रम झालाय असं म्हणायला मला जागाच नाही. दुपारची जेवणं झाली, भांडी घासून पालथी पडली, की ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसते. तेव्हा मागच्या दारात दादा येऊन उभे राहतात.

“काय मागत नायत,” ती म्हणाली होती. “माझ्याकडं बघत बी नायत. फळीकडं बघत्यात अन् जात्यात.”

फळीकडं बघतात, हे तिनं सांगितलं त्या दिवसापासून मी ती फळी पुसायचं सोडून दिलं.

आई त्या दाराला हात जोडायची. आतल्या खोलीत मला ऐकू यायचं. चुकलं माझं, असं ती म्हणायची, पोरीचं मी वाटोळं केलं, आता तरी राग सोडा. रोज. ब्याऐंशी वर्षांची बाई रिकाम्या दाराला रोज हात जोडून माफी मागते, ती चूक तिची नाही, आणि चूक करणारी पलीकडच्या खोलीत पंख्याखाली पडून ऐकते आहे. सुरुवातीला जे कडू समाधान वाटलं होतं त्याचा मागमूस राहिला नव्हता. मला तिथून उठून पळून जावंसं वाटायचं. तरी सांगायला तोंड उघडेना. सांगायचं धैर्य नव्हतं म्हणून पाइप घ्यायचं ठरवलं.

बेत सोपा होता. दादांच्या पाइपसारखा पाइप मिळवायचा, त्याचा दादांचा पाइप करायचा, जुन्या ट्रंकेत सापडला म्हणून आईच्या हातात द्यायचा आणि पितृपक्षात पानाशेजारी ठेवायचा. कावळा शिवला की आई म्हणणार, अगं हे होय, यात जीव अडकला होता. ती सुटणार आणि मीही सुटणार, कबुली न देता. प्रयोगशाळेत मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले की उत्तर आधी ठरवून प्रयोग करू नका. ते त्यांच्यासाठी होतं.

काम मी वरच्या खोलीत मांडलं. आईला जिना चढता येत नाही. पहिल्यांदा नळी वाटीपासून वेगळी करायची, तर ती जाम बसलेली. जोर केला तर तुटते. अशा वेळी पाइप बर्फात ठेवायचा, म्हणजे रबर आकसून नळी सुटते, हे मी वाचलं होतं. पिशवीत बांधून तो मी फ्रीझरमध्ये मटारच्या मागं ठेवला. तासाभरात आईनं बर्फ काढायला दार उघडलं आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, आलं आहे.

“आलं फ्रीझरमधी ठेवत्यात व्हय?” ती म्हणाली, आणि माझ्या तीस वर्षांच्या नोकरीबद्दल काहीतरी पुटपुटत निघून गेली.

नळी सुटली. काजळी मी पेन्सिलीला सँडपेपर गुंडाळून थोडीथोडी काढली. दांडीतून स्पिरिटमध्ये भिजवलेले कापसाचे बोळे तारेनं ओढले. पहिला डांबरासारखा काळा निघाला, पन्नासावा चहासारखा. मग वास. जुन्या पाइपच्या लाकडात आधीच्या तंबाखूचा वास मुरलेला असतो. तो काढायला वाटीत खडेमीठ भरायचं, वरून स्पिरिट सोडायचं आणि एक दिवस तसंच ठेवायचं. मीठ तो वास ओढून घेतं आणि तपकिरी होतं. मी एकदा केलं, दोनदा केलं, तीनदा केलं. मीठ दर वेळी तपकिरी व्हायचं आणि वास तिथंच. गोडसर वास होता, मनुका कोमट पाण्यात भिजवल्यासारखा, आणि त्याच्या मागं लोकरीचा. बंद कपाटातल्या लोकरी कपड्याचा असतो तसा. हात साबणानं धुतले तरी दुपारी जेवताना तो बोटांना यायचा. त्या माणसाबद्दल मला काहीही माहीत नव्हतं आणि तो माझ्या ताटात होता.

तिसऱ्यांदा मीठ भरलं त्या दुपारी मी खाली आले तेव्हा आई खुर्चीत ताठ बसली होती. हात जोडलेले नव्हते.

“आज दोघं आलते,” ती म्हणाली.

कोण दोघं, मी विचारलं. 

“तुझे दादा अन् त्यांच्या मागं एक कोटवाला. थंडी वाजल्यावानी उभा व्हता. लई वंगाळ वाटलं. हे आपलं घर न्हवं, ते त्याला कळत व्हतं.”

वास वरून खाली आला असेल, असं मी स्वतःला समजावलं. कोट तिनं वासावरून रचला असेल. माणसाचं नाक अशी कामं करतं. तरी पुढचे चार दिवस मी वरच्या खोलीत गेले नाही, आणि गेले तेव्हा दार उघडं ठेवून बसले.

दातांचे वण शेवटी काढायचे होते. हे रबर अजब असतं. त्याला आपला पहिला आकार लक्षात राहतो. लायटरची ज्योत लांबून फिरवली की दबलेला भाग हळूहळू वर येतो. मी ज्योत फिरवत होते आणि डोळ्यांदेखत वण भरून येत होते. आधी कडेचे, मग मधला खोल. एका माणसानं कितीतरी वर्षं विचार करत, वाट बघत, भांडण गिळत जे चावून चावून केलं असेल ते दहा मिनिटांत गेलं. त्याचं कुठं काही उरलं असेल तर एवढंच. मी मोठ्यानं “माफ करा” म्हणाले. मग लाजून दाराकडं बघितलं.

आता त्यावर दादांचे दात हवेत. मी दादांवर गेले आहे. नाक, कपाळ, दात सगळं त्यांचं, हे लहानपणापासून ऐकलंय. नळी गरम पाण्यात मऊ केली, तोंडात धरली आणि डाव्या बाजूनं दाबून चावली. निघाली तेव्हा वण उमटलेले होते. क्रांती चौकातल्या विजेच्या दुकानातून तांब्याची तार आणली आणि सांध्याला सात वेढे दिले. लाकडाला मेण लावून आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसलं. कोपऱ्यावरच्या पानटपरीवर विड्यांचं बंडल मागितलं तर टपरीवाला म्हणाला, मॅडम, आप कबसे? मी त्याला घरी मिस्त्री आलेत म्हणून सांगितलं.

विड्या सोडल्या, तंबाखू चोळली, वर लवंग ठेवली आणि गच्चीत आडोशाला बसून पेटवला. पहिल्याच झुरक्याला ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. मग वास आला. दादांचा, थेट. धुराखालून लवंग, आणि जणू आता कुणीतरी जिना उतरून खाली येणार. मी तोंडावर पदर घेऊन रडले. खालून आईचा आवाज आला, “कोण हाय गं वर? तुझे दादा वर गेले का?”

मी पाइप कुंडीच्या कडेवर ठोकून विझवला.

तिथीच्या दिवशी सकाळी मी पाइप आईच्या हातात दिला. दादांचा, ट्रंकेत तळाशी सापडला, एवढंच म्हणाले. जास्त बोलले असते तर अडखळले असते. तिनं तो पदरात घेतला आणि ओट्याकडं वळली. स्वयंपाक झाला. खीर, कढी, वडे, कारलं. पान वाढून मी भिंतीवर ठेवलं. आई पायरीवर बसली, पाइप मांडीवर. तिनं चष्मा काढून ठेवला. आधी वाटी नाकाशी नेली. मग अंगठ्यानं नळीचं टोक चाचपू लागली, डोळे मिटून. पोह्यातले खडे ती असेच चाचपून काढते.

“हे दात तुझे हायेत,” ती म्हणाली.

मी पानावर बसलेली माशी हाकलली.

“त्यांचा डावा सुळा तू कॉलेजात व्हती तवाच पडला. ते उजवीकडनं धरायचे.” तिनं पाइप उलटसुलट केला. “कुणाची हाय ही चिलीम?”

लिलावात घेतला, मी सांगितलं. कुणाचा ते माहीत नाही.

“म्हंजे त्यो कोटवाला.” तिनं पाइप मांडीवरून उचलून पानाशेजारी ठेवला. “त्याला बी एक वडा आण जा. त्याचं कुणी केलं नसंल.”

मी आत गेले. वडा हातात घेतला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. आताही सुटता आलं असतं. तुला बरं वाटावं म्हणून आणला, असं म्हणता आलं असतं आणि तेही खोटं नव्हतं. मी बाहेर येऊन वडा पानावर ठेवला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून सांगितलं. भंगारवाल्याचं पोतं. दादांनी विचारलं ते, मी नाही म्हणाले ते. दवाखान्यातली दोन बोटं. घाटावर मला माहीत होतं ते. जीपमध्ये ती बोलली तेव्हा मला काय वाटलं होतं ते. रोज दुपारी ऐकत होते ते. एकदा सुरू झाल्यावर थांबवता येईना.

आईनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“मी पाणी पाजलं त्यांना,” ती म्हणाली. “अन् तुला ठावं व्हतं.”

“हो.”

“दोन वर्सं रोज हात जोडले मी. तू आत पडून ऐकत व्हतीस.”

“हो, आई.”

ती रागावेल, रडेल, काहीतरी म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, माझा हात झिडकारला नाही पण घेतलाही नाही, आणि आत गेली. मी भिंतीकडं बघितलं तेव्हा पानावर एकही वडा नव्हता. कधी गेले, कुणी नेले, आम्ही दोघींनीही बघितलं नव्हतं. कावळा असेल, खारही असेल.

आठ दिवस ती माझ्याशी गरजेपुरतं बोलली. औषध दे, दार लाव. मला ते चाललं. खरं तर नऊ वर्षांत इतकी शांत झोप मला लागली नव्हती. दुपारी आतल्या खोलीत पडले की स्वयंपाकघरातून काही ऐकू यायचं नाही. माफी नाही, पुटपुटणं नाही. मला वाटलं, चला, तिचं ओझं उतरलं. उशिरा का होईना, मी बरोबर केलं. स्वतःचं जरा कौतुकही वाटलं.

मग एक दुपार मी पाणी प्यायला उठले. आई खुर्चीत होती. खुर्ची तिनं मागच्या दाराच्या अगदी तोंडाशी ओढून घेतली होती आणि ती बाहेर अंगणात वाकून बघत होती, डावीकडं, मग उजवीकडं. केस नीट विंचरलेले, कपाळावर विधवेनं लावू नये असं आपल्याकडं म्हणतात ते बारीक गोंदणाएवढं कुंकू. मला बघून तिनं ते पुसलं नाही.

काय झालं, मी विचारलं.

“येत नायत,” ती म्हणाली. “त्या दिसापासनं नाय आले. त्यो दुसरा बी नाय.”

मी म्हणाले, चांगलंच झालं की. त्यांचा जीव अडकला होता तो सुटला.

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. परक्या माणसाला काही समजावून सांगायचा कंटाळा यावा, तसं.

“सुटले ते,” ती म्हणाली. “मी आता कुणाची वाट बघू?”

 मी दुसरी खुर्ची आणली आणि तिच्या शेजारी दारात बसले. ऊन भिंतीवरून खाली उतरेपर्यंत आम्ही दोघी अंगणाकडं बघत होतो. कुणी आलं नाही.